तोडलेला बुंधा आणि फेल्टचा कोंब

आगमनकाळ : मनन १
आजचा शास्त्रभाग : यशया ११:१-१० आणि मत्तय १:१-१७
सोबत वाचा : ईयोब १४:७-१४, निर्गम २८:१-५



आजपासून २४ तारखेपर्यंत आपण रोज एक शास्त्रभाग आणि त्याच्याबरोबर एक छोटं चिन्ह घेणार आहोत. ही चिन्हं आमच्या घरी फेल्टच्या कापडाची बनवली आहेत आणि रोज संध्याकाळी एक याप्रमाणे ती एका सुक्या फांदीवर टांगायची आहेत. याला ‘इशायाचं झाड’ म्हणतात. ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधल्या सेंट-देनी आणि शार्त्र इथल्या चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांमध्ये १२व्या शतकातच हे झाड दिसतं. खाली इशाय आडवा झोपलेला, त्याच्यातून झाड उगवलेलं, फांद्यांवर राजे आणि सगळ्यात वर प्रभू येशू. वाचता न येणारा माणूसही मान वर करून ती वंशावळ पाहू शकत असे. आपण तेच काम कात्री, सुई आणि दहा-पंधरा रुपयांच्या फेल्टच्या तुकड्यांनी करतोय, एवढंच.

पण आधी वचनाकडे येऊ या.

झाड तुटल्यावरची गोष्ट

यशयाचा ११वा अध्याय नाताळात सगळीकडे वाचला जातो, पण तो १०व्या अध्यायाच्या शेवटापासून वाचावा. तिथे देव हातात कुऱ्हाड घेऊन जंगल तोडतोय. उंच झाडं आडवी होतात, दाट रान साफ होतं, लबानोन पडतो. हे रान म्हणजे अश्शूरचं साम्राज्य. त्या काळातली सगळ्यात मोठी ताकद, जिच्या नुसत्या नावाने यरुशलेमचे लोक थरथर कापायचे. ते रान पडतं आणि त्यातून पुन्हा काही उगवतं असं यशया सांगत नाही.

आणि लगेच पुढच्या वचनात दुसरा बुंधा येतो. हा आपल्याच घराचा. दावीदाचं राजघराणंही तुटणार आहे, हे यशया लपवत नाही. पुढे इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबेलने यरुशलेम पाडलं आणि त्यानंतर दावीदाच्या वंशातला राजा त्या सिंहासनावर पुन्हा बसला नाही. सहाशे वर्षांच्या आसपासचा हा काळ. तेवढा काळ तो बुंधा नुसता बुंधाच होता. यशया म्हणतो, या बुंध्याला मात्र कोंब फुटेल.

एक गोष्ट बारकाईने बघा. यशया ‘दावीदाचा बुंधा’ म्हणत नाही, ‘इशायाचा’ म्हणतो. इशाय कोण? बेथलेहेमचा मेंढरं पाळणारा एक साधा माणूस. राजवाडा नाही, मुकुट नाही. म्हणजे झाड इतकं खालून तोडलं गेलंय की राजेपणाचा भाग पूर्ण गेला आणि राजा होण्याआधीचं घर तेवढं उरलं. देव तिथून पुन्हा सुरुवात करतो. म्हणूनच तारणारा यरुशलेमच्या महालात जन्मत नाही, इशायाच्या गावी, बेथलेहेमात जन्मतो.

आता ईयोबाकडे चला. १४व्या अध्यायात ईयोब झाडाचा हेवा करतो. तो म्हणतो, झाडाला निदान आशा तरी आहे. ते तोडलं, मूळ मातीत जुनं झालं, बुंधा वाळला, तरी पाण्याचा नुसता वास आला की ते पुन्हा अंकुरतं. पण माणूस? माणूस पडला की उठत नाही. ईयोबाची खंत ही आहे की झाडाच्या वाट्याला जे आलं ते माणसाच्या वाट्याला नाही. आणि मग तो देवालाच विचारतो, माणूस मेला तर पुन्हा जगेल का?

ज्यांच्या गावाकडे दारात शेवगा आहे त्यांना ईयोबाचं हे बोलणं लगेच कळेल. शेंगा संपल्या की शेवगा निर्दयपणे छाटतात. नुसतं खोड उभं राहतं, बघवत नाही. आणि पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत त्यावर पोपटी कोंब येतात.

ईयोबाच्या प्रश्नाला यशया उत्तर देतो : हो, एका माणसाच्या बाबतीत हे होईल. आणि तो एक माणूस कोंबासारखा आला, वाढला, पुन्हा तोडला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. नाताळ आणि पुनरुत्थान ही दोन वेगळी टोकं नाहीत, एकाच बुंध्याची गोष्ट आहे ती.

हे मला या वर्षी का वाचावंसं वाटलं

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, काहींना नाही. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या कंपनीत ‘रीस्ट्रक्चरिंग’ झालं. अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यात माझं नाव यादीत आहे असं सांगितलं गेलं. ३१ डिसेंबर शेवटचा दिवस. बारा वर्षं कोड लिहिला. त्यातला किती उद्या चालू राहील, किती पुसला जाईल, ठाऊक नाही. फ्लॅटचा हप्ता चालू आहे, मुलगी दुसरीत आहे.

हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. लिहितोय कारण आपल्यातल्या अनेकांची हीच अवस्था आहे आणि चर्चमध्ये आपण ती बोलत नाही. ‘कसं काय?’ ‘प्रभूच्या कृपेने छान!’ असं म्हणून पुढे जातो.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे झाड बनवलं आणि ऑफर लेटर आलं, अशी साक्ष द्यायला मी बसलेलो नाही. आज १ डिसेंबर आहे आणि माझ्या हातात ऑफर नाही. जी गोष्ट झाली नाही ती मी झाली म्हणणार नाही. पण या संध्याकाळी फेल्ट कापताना वचनाने मला जे दिलं, ते तुमच्यासमोर ठेवतो.

फेल्ट म्हणजे काय, आणि ते कसं कापायचं

बनवणाऱ्यांसाठी थोडी माहिती. रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा कुठल्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात फेल्टच्या रंगीत शीट मिळतात. ए-फोर आकाराच्या दहा-बारा रंगांत चोवीस चिन्हं आरामात होतात. त्याशिवाय लागतं ते असं : भरतकामाचा सहा पदरी दोरा (त्यातले दोन किंवा तीन पदर काढून वापरायचे), बारीक टोकाची कात्री, टाचण्या, थोडा फायबरचा भराव, आणि नमुन्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद.

आधी कागदावर आकार काढा, साधारण तळहाताएवढा. तो कापून फेल्टवर ठेवा, टाचा, बाजूने खडूने रेघ मारा. प्रत्येक आकाराचे दोन तुकडे, पुढचा आणि मागचा. आतली बारीक नक्षी पुढच्या तुकड्यावर आधी शिवून घ्यायची, धावदोऱ्याने किंवा उलट्या टिपेने. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून काठाने ब्लँकेट स्टिच घालत यायचं. दोन बोटं जागा उरली की भराव घाला, वर दोऱ्याचा फासा घाला आणि शिवण बंद करा. एका चिन्हाला मला साधारण तास-दीड तास लागतो. माझ्या आईला पंचवीस मिनिटं.

फेल्टची एक गंमत आहे. आपली घोंगडी विणलेली असते, तिला ताणा-बाणा असतो. फेल्टला तो नसतो. काश्मिरी नमदा पाहिलाय? तो फेल्टच. लोकरीच्या तंतूवर अतिशय बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घर्षण मिळालं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि तंतू सुटे राहतच नाहीत. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त शीट बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात. तिथे हेच काम यंत्रातल्या खाचा असलेल्या सुया करतात, तंतू वरखाली ओढून गुंतवतात.

याचा परिणाम असा की विणलेलं कापड कापलं तर काठाचे धागे सुटतात, दुमडून शिवावं लागतं. फेल्ट कुठूनही कापा, काठ सुटत नाही. एका तंतूवर काहीच उभं नसतं, सगळे एकमेकांना धरून असतात.

ऑफिसमधलं माझं आयुष्य विणलेल्या कापडासारखं होतं. सगळे एका रेषेत, हुद्द्याप्रमाणे. कात्री लागली आणि काठ उसवला. ज्यांच्याशी रोज बोलायचो त्यातले अनेक आठवड्याभरात गप्प झाले. त्यांना दोष नाही, ती रचनाच तशी आहे. पण मंडळीतल्या आमच्या घरसभेतून एका कुटुंबाने काही न विचारता शनिवारी रात्रीचा डबा आणला. एका काकांनी फोन करून एवढंच विचारलं, “हप्त्याची तारीख कोणती आहे रे?” गलतीकरांस पत्रात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, तेव्हा तो अशाच गुंतण्याबद्दल बोलतोय. तुमचं चर्च रविवारी दोन तास शेजारी बसण्याची जागा असेल, तर तुम्ही अजून विणलेलेच आहात. थोडं गुंतून घ्या.

मत्तयाने काय ठेवलं

आता मत्तयाची यादी. खरं सांगा, आपण सगळेच तिच्यावरून बोट सरकवत पुढे जातो. मीही शब्बाथशाळेत असताना तसंच करायचो. पण झाडाची चिन्हं ठरवताना ही यादी समोर ठेवावी लागली.

मत्तय १७व्या वचनात स्वतःच सांगतो की त्याने यादी चौदा-चौदाच्या तीन गटांत मांडली आहे : अब्राहामापासून दावीद, दावीदापासून बाबेलचा बंदिवास, बंदिवासापासून ख्रिस्त. इब्री अक्षरांना अंकांची किंमत असते आणि ‘दावीद’ या नावाची बेरीज चौदा होते, हे अनेक अभ्यासक दाखवतात. मांडणी नीट बसावी म्हणून मत्तयाने काही नावं गाळली आहेत. जुन्या कराराशी ताडून पाहिलं तर योराम आणि उज्जीया यांच्या मध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे आहेत. मत्तय त्यांच्यावरून सरळ उडी मारतो. त्या काळी वंशावळ अशी आटोपशीर करण्यात काही वावगं नव्हतं.

आता विचार करा. ज्याला काटछाट करायची मोकळीक आहे, जो तीन राजे गाळू शकतो, तो काय ठेवतो?

तो तामारला ठेवतो. उत्पत्ती ३८ वाचा, तिच्यावर तिच्या सासऱ्याच्या घरात झालेला अन्याय वाचा. तो राहाबेला ठेवतो, यरीहोची वेश्या, परक्या देशाची. तो रूथला ठेवतो, मवाबी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. बथशेबेकडे आल्यावर तो तिचं नावही घेत नाही, ‘उरीयाची बायको’ अशी तिची ओळख देतो. का? कारण उरीया हित्ती हा ज्याचा खून दावीदाने करवला तो माणूस. ज्याला राजाने यादीतून काढलं, त्याचं नाव मत्तय तारणाऱ्याच्या वंशावळीत लिहून ठेवतो.

आणि तो बंदिवास ठेवतो. यादीचे जे मोठे टप्पे आहेत त्यात अब्राहाम आहे, दावीद आहे, ख्रिस्त आहे आणि बाबेलचा बंदिवासही आहे. म्हणजे झाड तुटलं ती जागासुद्धा देवाच्या यादीत नोंदवलेली आहे. कुठलीही कंपनी आपल्या संकेतस्थळावर ‘आमचा इतिहास’ लिहिताना असं करणार नाही. तिथे स्थापना असते, विस्तार असतो, पारितोषिकं असतात.

इंजिनीअर मित्रांना कळेल अशा भाषेत सांगतो. ही हिस्टरी कुणी स्वच्छ करून ढकललेली नाही. लाजिरवाणे कमिट तसेच ठेवलेत, लेखकाच्या नावासकट, आणि त्याच ब्रांचवर तारणारा आला.

माझ्यासारख्याला, ज्याचं नाव नुकतंच एका यादीत आलं आहे, त्याला ही दुसरी यादी वाचणं गरजेचं होतं. कोणाला कमी करायचं ती यादी माणसं करतात, आणि त्यात नाव आलं की दुखतं. ते दुखणं खोटं नाही. पण माझं नाव कोणत्या यादीवरून ठरतं हा प्रश्न वेगळा आहे.

शिवणं हेही आत्म्याचं काम

कुणीतरी विचारेल, हे सगळं ठीक आहे, पण मोठ्या माणसांनी फेल्ट कापत बसायचं? लहान मुलांचं काम नाही का हे?

निर्गम २८:३ पाहा. अहरोनाची याजकीय वस्त्रं कोणी शिवायची? देव मोशेला सांगतो की ज्यांना मी ज्ञानाच्या आत्म्याने भरलं आहे अशा कुशल लोकांना सांग. म्हणजे शिंप्यांना. त्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबं लावायची होती, मधे मधे सोन्याच्या घंट्या. सुताची डाळिंबं! आपल्या फेल्टच्या चिन्हांची ही दूरची नातेवाईकच म्हणायची. आणि आजच्या भागात, यशया ११:२ मध्ये, कोंबावर जो आत्मा येतो तोही ज्ञानाचा आणि समजुतीचा आत्मा आहे. सुईत दोरा ओवणाऱ्या हातांना देव ज्या शब्दांनी मान देतो, त्याच शब्दांनी तो मशीहाचं वर्णन करतो.

त्याच्याही आधी, उत्पत्ती ३ मध्ये, आदाम आणि हव्वा अंजिराची पानं शिवून स्वतःला झाकतात. ते पुरत नाही. मग बागेतून बाहेर काढण्यापूर्वी देव स्वतः त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो. घराबाहेर जावं लागणाऱ्या माणसांना देव आधी कपडे देतो. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. आणि शेवटी लूक २ मध्ये मरीया बाळाला बाळंत्यात गुंडाळते. पवित्र शास्त्रात कापड सुरुवातीपासून असं प्रेमाने येतं.

हे माझ्या घरात मला नव्याने शिकायची गरज नव्हती. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना पप्पा गेले. आईने शिवणयंत्र काढलं आणि ब्लाऊज शिवायला घेतले. माझ्या डिग्रीची फी त्या टाक्यांनी भरली. आज तीच आई माझ्या मुलीला, माझ्या बायकोला आणि मला ब्लँकेट स्टिच शिकवते. मी आखडून शिवतो म्हणून म्हणते, “अरे, दोरा इतका ओढू नकोस. फेल्ट गोळा होतं. जेवढं धरायचंय तेवढंच ओढ.”

राहाबेच्या लाल दोरीचं चिन्ह तिने एकटीने केलं, कोणाला हात लावू दिला नाही. मी विचारलं, हेच का? ती म्हणाली, “तिने खिडकीला दोरी बांधली आणि आतल्या सगळ्यांना घेऊन बसून राहिली. भिंत पडायची ती पडली. तिचं घर राहिलं.” पुढे काही बोलली नाही. पप्पा गेल्यानंतरची ती वर्षं मला आठवली. आमचं घर तेव्हाही बुंधाच होतं की.

आणि आपल्याच मातीतलं एक नाव. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. मग भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. किती वेळा तोडलेलं झाड! पण केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या विधवा आणि मुली विणायला शिकल्या, शिवायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकमधून केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या, त्याआधी ते काम त्यांनी पूर्ण केलं होतं. पुण्याहून केडगाव फार लांब नाही. कधी जाऊन या.

मूर्ती की आठवण?

काही जण हा प्रश्न नक्की विचारतील, म्हणून थोडक्यात. यहोशवा ४ मध्ये देव यार्देनेतून बारा धोंडे उचलून उभे करायला सांगतो. कशासाठी? पुढे तुमची मुलं ‘हे धोंडे कशाचे?’ असं विचारतील, तेव्हा सांगायला. धोंड्यांपुढे कोणी वाकायचं नव्हतं. त्यांचं काम प्रश्न उभा करण्याचं होतं.

आमच्याकडे प्रश्न पहिल्याच चिन्हाला आला. तपकिरी बुंधा, वर वर्तुळं शिवलेली, बाजूने एक हिरवं पान. मुलगी म्हणाली, “पप्पा, झाड करायचंय ना? मग पहिलं तुटलेलं का लावायचं?”

मी तिला यशया वाचून दाखवला. तिला किती कळलं माहीत नाही. पण तिने हिरवं पान थोडं मोठं कापायला सांगितलं, आणि आम्ही कापलं.

चोवीस चिन्हं

तुम्हाला हवी असतील तर ही यादी. क्रम असाच ठेवा. एखादं चिन्ह जमलं नाही तर कागदावर काढून टांगा, चालतं.

१. बुंधा आणि कोंब : यशया ११:१-१०
२. पृथ्वी : उत्पत्ती १
३. फळ आणि चामड्याचं वस्त्र : उत्पत्ती ३
४. तारू आणि मेघधनुष्य : उत्पत्ती ६ ते ९
५. तारे : उत्पत्ती १५:१-६
६. झुडपात अडकलेला मेंढा : उत्पत्ती २२:१-१४
७. शिडी : उत्पत्ती २८:१०-२२
८. योसेफाचा झगा : उत्पत्ती ३७ आणि ५०:२०
९. जळतं झुडूप : निर्गम ३
१०. वल्हांडणाचा कोकरा : निर्गम १२
११. दगडी पाट्या : निर्गम २०
१२. लाल दोरी : यहोशवा २
१३. जवाची पेंढी : रूथ २
१४. तेलाचं शिंग : १ शमुवेल १६
१५. मेंढपाळाची काठी : स्तोत्र २३
१६. मंदिर : १ राजे ८
१७. अग्नी : १ राजे १८
१८. मासा : योना १ आणि २
१९. निखारा : यशया ६
२०. पडलेली भिंत : नहेम्या २
२१. बेथलेहेमची घरं : मीखा ५:२
२२. मरीयेसाठी पांढरं फूल : लूक १:२६-३८
२३. योसेफाची करवत : मत्तय १:१८-२५
२४. गव्हाणी : लूक २:१-२०

वेळ कमी असेल तर १, १२, १३, १४ आणि २४ एवढी पाच तरी करा. इशायाच्या घराची गोष्ट त्यात पूर्ण होते.

झाडासाठी विकतचं काही नको. सोसायटीत छाटणी होते तेव्हा एक सुकी फांदी उचलून आणा आणि कुंडीत वाळू भरून उभी करा. पान नसलेली फांदीच हवी. चोवीस तारखेपर्यंत ती आपोआप भरेल.

आजसाठी

दोन प्रश्न घेऊन दिवसभर चाला.

तुमच्या आयुष्यात कोणता बुंधा आहे, ज्याच्याकडे तुम्ही बघायचं सोडून दिलं आहे? नोकरी असेल, तुटलेलं नातं असेल, कितीतरी वर्षं लांबलेली प्रार्थना असेल. त्याला कोंब फुटलाच आहे असं स्वतःला बळेच सांगू नका. यशयाच्या श्रोत्यांनी तो पाहिला नाही, त्यांच्या नातवंडांनीही नाही. फक्त एवढं करा : तो बुंधा उपटून टाकू नका. प्रार्थनेत त्याचं नाव घ्या.

आणि दुसरा : तुमच्या ओळखीत सध्या कोणाचा काठ उसवतोय? आज त्याला वचन पाठवू नका, फोन करा. जमलं तर डबा न्या.

प्रार्थना करू या.

हे देवबापा, तू बुंध्यातून उगवणारा देव आहेस. आमच्या जे तुटलं ते तुला दिसतं आणि तू ते तुझ्या यादीतून गाळत नाहीस, यासाठी तुझे आभार. ज्यांच्या हातात आज काम नाही त्यांच्या हातांना तू भर. ज्यांच्या घरात या नाताळाला एक खुर्ची रिकामी आहे त्यांच्याजवळ तू बस. तामारला, राहाबेला, रूथला आणि उरीयाला तू विसरला नाहीस, तसं आम्हालाही विसरू नकोस. ज्ञानाचा आणि समजुतीचा तुझा आत्मा आमच्या घरात, आमच्या बोटांत, आमच्या बोलण्यात येऊ दे. थांबण्याचे हे चोवीस दिवस आम्हाला घाईने संपवू देऊ नकोस. इशायाच्या बुंध्यातून आलेल्या तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचा शास्त्रभाग : उत्पत्ती १. उद्याचं चिन्ह : पृथ्वी. निळं आणि हिरवं फेल्ट काढून ठेवा.